पालथा मोबाइल



पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव 'प्राथमिक शाळेतील मुले आणि ऑनलाइन सुरक्षा' असं छापलंय. निमंत्रण द्यायला आलेल्या तरुण मंडळींनी मला जरा दबकतच विचारलं होतं, "मॅडम, सोबत सायबर पोलिसांतले कुणी साहेब बोलवू का?" मी म्हटलं, जरूर बोलवा, पण पुढच्या वर्षी. साहेब आले की गुन्हे सांगणार, आपण ते ऐकून धास्तावणार आणि घरी गेल्या गेल्या मुलांना दम भरणार. त्या दमाबद्दलच मला आज बोलायचंय.

ज्या बाईंच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. वरचा वर्ग देऊ केला की नको म्हणायच्या. आपल्याकडे समजूत अशी, की हुशार मास्तर सातवीवर, आणि पहिलीवर काय, कुणीही चालतं. ऑनलाइन सुरक्षेच्या बाबतीत आपण हीच चूक पुन्हा करतोय. व्याख्यानं, पथनाट्यं, भित्तिपत्रकं सगळी आठवी-नववीपुढे. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाइलबद्दल विचारलं गेलं. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी साधारण ६२ टक्क्यांना नको असलेल्या माणसाला ब्लॉक करता येतं. चांगली गोष्ट आहे. पण प्रश्न होते चौदा वर्षांपुढच्यांना. दुसरीतल्या मुलाला कोण विचारणार? तो मोबाइल वापरतच नाही, असं तर आपल्याला वाटत नाही ना?

तो वापरतो. आणि त्याच्या हातात मोबाइल दिला कुणी? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली आणि शिक्षण सुरू राहिलं ते व्हॉट्सॲपवर. 'असर'चेच आकडे सांगतात, की शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचं ग्रामीण भारतातलं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं आणि २०२० मध्ये ते ६१.८ झालं. दोन वर्षांत! कुणी शेळी विकली, कुणी हप्त्यावर घेतला. घेतला कशासाठी? तर पोराच्या अभ्यासासाठी. आणि आता तोच बाप शाळेत येऊन म्हणतो, मास्तर, पोरगं मोबाइल सोडत नाही, तुम्ही जरा धाक दाखवा. आता तर बालभारतीच्या पुस्तकातच क्यूआर कोड आहे. पुस्तकच म्हणतं, मोबाइल आण.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यात कुरणशाळा नावाचा एक प्रकार होता. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत? तर गुरं राखायला कुरणात जातात. बरं, मग शाळाच कुरणात नेऊ. मुलांनी इथे नसावंच, असं म्हणत त्या बसल्या नाहीत. मूल जिथे आहे तिथे बाई गेल्या. आजचं मूल मोबाइलमध्ये आहे. तिथे बाई कुठे आहेत?

बरं, मूल तिथे कसं जातं, तेही बघा. पहिलीतल्या मुलाला जोडाक्षर लिहिता येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्याला लिहायचं कशाला? माइकच्या चिन्हावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. पुढचं सगळं आपोआप येतं. एक गोष्ट संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. २०१७ मध्ये असं लक्षात आलं, की यूट्यूबवर मुलांच्या लाडक्या कार्टूनमधली पात्रं घेऊन केलेले भलतेच व्हिडिओ ढिगानं आहेत. चेहरा ओळखीचा, गाणं ओळखीचं, आणि मध्येच मारामारी, रक्त, किळसवाणे प्रकार. लाखो मुलांनी ते पाहिले, कारण आपोआप पुढे येणाऱ्या रांगेत ते होते. मुलानं काही वेडंवाकडं शोधलं नव्हतं. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण आपली पहिली प्रतिक्रिया नेमकी उलटी असते.

आणि अकाउंट? तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो. हा तेराचा आकडा मानसशास्त्रज्ञांनी बसून ठरवला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं काही नाही. अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला, की तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. कंपन्यांनी विचार केला, संमतीची उस्तवार कोण करणार? त्यापेक्षा तेराखाली प्रवेशच नाही, असं लिहून टाकू. तो आकडा जगभर गेला. आता आपल्या घरात काय होतं? खेळ चालू व्हायला जन्मसाल हवं असतं. पोरगं खरं सांगतं, खेळ उघडत नाही. मग मामा म्हणतो, "आण इकडे, २००० टाक." मोबाइलवरचं पहिलं खोटं पोराला घरचाच माणूस शिकवतो, तेही त्याच्या डोळ्यांसमोर. (हसताय तुम्ही. म्हणजे सभागृहात मामा बरेच आहेत.)

आता दमाकडे येते.

तुम्हाला मोमो आठवतो? डोळे बटबटीत, तोंड फाकलेलं, कोंबडीचे पाय. २०१८ मध्ये आपल्याकडेही इशारे फिरले, मोमो मुलांना मेसेज करतो आणि जीव द्यायला लावतो. तो चेहरा एका जपानी कलाकाराच्या शिल्पाचा होता, २०१६ साली टोकियोतल्या प्रदर्शनात मांडलेला. असा खेळ कुणी चालवत असल्याचं काही हाती लागलं नाही. पण तो चेहरा मुलांपर्यंत पोचवला कुणी? आपणच. 'सावधान, पालकांनो' असं लिहून ग्रुपवर टाकला, मग पोराला दाखवला, की बघ हा येईल. त्याआधी २०१७ मध्ये ब्लू व्हेल, तोही जीव द्यायला लावणारा म्हणे खेळ. वर्तमानपत्रांत दिवसच्या दिवस तेच. जानेवारी २०१८ मध्ये गृह खात्यानं संसदेत सांगितलं, की त्या खेळामुळे मृत्यू झाल्याचं तपासात सिद्ध झालेलं नाही. ही बातमी कुणी पुढे पाठवली? मला तरी कुणी पाठवली नाही.

आणि मोठ्यांच्या भीतीचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी आवई मोबाइलवरून फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. पाच माणसं! त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतला एक कुठला होता माहितीये? कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठीच केलेली जाहिरात होती ती. मोटारसायकलवरून मूल उचललं जातं, मग परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, की लक्ष ठेवा. कुणीतरी शेवट कापला आणि पुढे ढकलला. मुलांच्या काळजीपोटी केलेली फिल्म माणसं मारायला कारण झाली. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एकाच वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर बंधन घातलं. ऑनलाइन सुरक्षेचा तास कुणाला हवाय, हा प्रश्न मला राईनपाड्यानंतर पडायचा थांबला.

तर भीती घालून भागत नाही. मग सात वर्षांच्या मुलाला शिकवायचं तरी काय?

निवृत्तीनंतर मी एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गावर अधूनमधून जाते. तिथल्या बाईंनी वर्ग माझ्या हवाली केला. मी सहज विचारलं, "घरच्या मोबाइलचं कुलूप कुणाकुणाला उघडता येतं?" सगळा वर्ग हवेत बोटं फिरवायला लागला. कुणी इंग्रजी झेड काढतंय, कुणी एल, कुणी घर काढतंय. एक जण म्हणाला, "आमच्या पप्पांचा अंगठा लागतो. ते झोपले की मी लावतो." हशा पिकला. मग मी विचारलं, "मोबाइल बघताना काही घाणेरडं आलं, भीती वाटेल असं आलं, तर कुणाला सांगाल?" वर्ग चिडीचूप. मागून कुणीतरी पुटपुटलं, "कुणालाच नाय." का रे? "मोबाइल काढून घेत्यात." दुसरा म्हणाला, "मम्मी म्हणती, तूच कायतरी दाबलं असशील."

तूच काहीतरी दाबलं असशील. हे वाक्य लक्षात ठेवा. मुलानं काही शोधलेलं नसतं, हा मुद्दा पुढे घेणार असं मघाशी म्हटलं ना, तो इथेच येतो.

मग पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मी आजीला सांगते." मला वाटलं, आजी शिकलेली असेल. विचारलं, "आजीला मोबाइलमधलं कळतं का गं?" तर म्हणते कशी, "नाही ना! म्हणून तर सांगते. तिला कळत नाही म्हणून ती ओरडत नाही. ती म्हणते, दाखव बघू."

श्रोतेहो, गेली काही वर्षं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणांना जाते. तिथे एक तक्रार हमखास असते, आम्हालाच तंत्रज्ञान कळत नाही तर मुलांना काय शिकवणार? मुलं आमच्या पुढे गेलीत. त्या सगळ्यांना मी आता ही आजी सांगते. तिला ॲप म्हणजे काय ते ठाऊक नाही. 'सेटिंग' हा शब्द ती कुकरच्या शिट्टीबद्दल वापरते. पण त्या अख्ख्या वर्गात, जिच्यापर्यंत मूल धावत जाईल अशी एकटी तीच निघाली.

न्यूझीलंडमध्ये लहान मुलांसाठी 'हेक्टर्स वर्ल्ड' नावाचा एक कार्यक्रम केला होता. हेक्टर हा डॉल्फिन. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो पोहत राहायचा. नको ते काही दिसलं की मुलानं डॉल्फिनवर टिचकी मारायची. सगळा पडदा समुद्राच्या चित्रानं झाकला जायचा आणि मुलानं मोठ्या माणसाला बोलावून आणायचं. एवढंच. मुलानं चांगलं-वाईट ठरवायचं नाही, बंद करायच्या भानगडीत पडायचं नाही, पुसून टाकायचं नाही. झाकायचं आणि सांगायचं. मोठं माणूस आलं की खाली काय होतं ते जागेवर असतंच.

आपल्याकडे घरोघरी संगणक नाही, डॉल्फिनही नाही. पण मोबाइल पालथा घालता येतो. तिसरीच्या त्या वर्गात आम्ही पाटीलाच मोबाइल केलं. मुलं पाटीत बघत बसली. मी गोष्ट सांगायला लागले, ससा चाललाय, चाललाय, वाटेत तळं लागलं, तळ्यावर बगळा, आणि एकदम ओरडले, "वाईट चित्र!" थाड! तीसएक पाट्या एकदम पालथ्या. पुन्हा गोष्ट, पुन्हा थाड. मुलांना तो खेळ इतका आवडला, की मधल्या सुट्टीत बाईंच्या हजेरीपुस्तकावर प्रयोग सुरू झाले. पालथं घालणं जमलं, की दुसरी पायरी उठणं. बसल्या जागी विचार करत राहायचं नाही, उठायचं. तिसरी पायरी चालत जाऊन सांगणं. कुणाला? प्रत्येकानं डाव्या हाताच्या पाच बोटांवर पाच नावं मोजायची. आई, आजी, बाई, मावशी, मोठी ताई. आणि पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं. दुसऱ्यानं हसण्यावारी नेलं तर तिसऱ्याकडे. हे फार महत्त्वाचं, कारण पहिला माणूस बहुधा भाकरी थापत असतो. एका मुलाची दोनच बोटं भरली. तिसरं कोण, त्याला सुचेना. त्या दिवशी वर्गशिक्षिकेला त्या मुलाबद्दल जे कळलं, ते कुठल्याही प्रश्नावलीतून कळलं नसतं.

दुसरी गोष्ट शिकवायची ती गुपिताची. वाढदिवसाला आईला काय द्यायचं, ही गंमत. ती चार दिवसांनी सगळ्यांना कळणार असते आणि कळली की सगळे हसतात. पण 'हे कध्धीच कुणाला सांगायचं नाही' असं जो म्हणतो, त्याची गोष्ट त्याच दिवशी सांगायची. तो खेळातला 'दादा' असो, शेजारचे काका असोत, नाहीतर घरातलं कुणी असो. हो, घरातलं. आपण मुलांना अनोळखी माणसाची भीती घालतो, पण मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. मोबाइलवर तर अनोळखी माणसालाही ओळखीचं व्हायला संध्याकाळ पुरते. "मीपण पाचवीत आहे. तुला खेळातले हिरे पाहिजेत का?" झाली ओळख.

इथे आपल्या एका संस्काराबद्दल बोलावंच लागेल. मोठ्यांचं ऐकावं. पाहुणे आले की पूर्ण नाव सांगावं, गाव सांगावं, कितवीत आहेस ते खणखणीत आवाजात सांगावं. काकांना नमस्कार कर. काका म्हणतात तर गाणं म्हणून दाखव. जे मूल हे करतं ते गुणी. आता तेच गुणी मूल मोबाइलवर आहे, आणि पलीकडून कुणीतरी म्हणतंय, बाळा, नाव काय, शाळा कुठली, जरा कॅमेरा लाव. ते मूल 'नाही' कसं म्हणेल? नाही म्हणायचा सराव त्याला कुणी दिलाय? सरावाशिवाय जीभ वळत नाही. म्हणून वर्गात मुलांना मोठ्यानं म्हणायला लावा, "मी नाही सांगणार. मी आईला विचारीन." पहिल्या दिवशी मुलं लाजतात. मुलं सोडा, बाईच लाजतात. एक शिक्षक मला म्हणाले, "मॅडम, पोरं उद्या आम्हालाच नाही म्हणतील." मी म्हटलं, म्हणू देत की.

तर, पालथा घालणं, पाच बोटं, गुपित, आणि नाही. पहिली ते चौथी मला एवढंच पुरे वाटतं. पासवर्ड, ओटीपी, यूपीआयचा पिन कुणाला सांगू नये हे घरकामासारखं जाता जाता शिकवता येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही.

आता बंदीचा प्रश्न. तो मनात आहेच तुमच्या. एवढं सगळं करण्यापेक्षा देऊच नका ना मोबाइल! महाराष्ट्रात दोन गावांनी दोन वाटा धरल्या, दोन्ही २०२२ साली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंद, सापडला तर दोनशे रुपये दंड. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांचे बंद, मोठ्यांचेही बंद.

मला वडगाव आवडतं. का, ते सांगते. बांशीची कळकळ खरी आहे, गावानं एकत्र बसून विचार केला हेही मोठंच. पण बंदी असलेल्या गावात मुलाला मोबाइलवर काही वाईट दिसलं, तर ते सांगेल का? सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, वर दोनशे रुपये. वडगावात आईच्या हातातलाही मोबाइल खाली ठेवला जातो. तिथे दीड तास आई मुलाच्या तोंडाकडे बघते. सांगायला जागा होते. विहिरीला कठडा हवाच, पण कठडा बांधला म्हणून गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं थांबवलेलं मी कुठे पाहिलं नाही. ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर अकाउंट काढू न देण्याचा कायदा २०२४ मध्ये केला, डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याचं काय होतंय ते बघू. पण त्या कायद्यातही जबाबदारी कंपनीवर आहे. दंड कंपनीला, पोराला नाही.

आता एक कडू विषय, आणि तो आपल्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. मुलांचे फोटो. शालेय पोषण आहाराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, पहिलं पाऊल, शेवटचं पाऊल. २०१६ मध्ये तर शासनानं असाही निर्णय काढला होता, की शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून त्या विद्यार्थ्यांची माहिती ठेवणाऱ्या 'सरल' प्रणालीवर टाकाव्यात. ओरड झाली आणि तो बारगळला. पण सवय राहिली. मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, गणवेशावरचं बोधचिन्ह, सगळं एका फोटोत, आणि तो फोटो जगासाठी खुल्या पानावर. पाचशे पालकांच्या ग्रुपवर आधार क्रमांकांची यादी. आणि सोमवारी त्याच मुलांना आपण फळ्यावर लिहून देणार, 'आपली माहिती कुणालाही देऊ नका'. मुलं काय शिकतील, फळा की ग्रुप? शिक्षकांचा सगळा दोष नाही, वरून फोटो मागितले जातात हे मला पक्कं ठाऊक आहे, नोकरीत असताना मीही मागितलेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल 'बालक' आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळेनं निदान एवढं करावं, चेहरा दिसेल असा फोटो आणि नाव एकत्र टाकू नये. पाठमोरी मुलं झाडाला पाणी घालताना काढली तरी झाडाला पाणी पोचतं.

शेवटचा मुद्दा. मूल आलं, त्यानं सांगितलं. आता?

पालक सभेत मी याचा सराव घेते. बायका-पुरुष समोरासमोर बसवते. एक जण मूल होतो, एक पालक. मूल म्हणतं, "आई, मोबाइलवर एका दादानं मला कपडे काढायला सांगितलं." पालकानं पहिलं वाक्य काय म्हणायचं? बसल्या बसल्या सोपं वाटतं. प्रत्यक्षात दहातले आठ जण म्हणतात, "कोण? कधी? तू काय केलंस?" तीन प्रश्न, तीनही चौकशीचे. पुन्हा करा. पुन्हा तेच. मग हळूहळू वाक्य येतं, "बरं झालं सांगितलंस." एवढंच म्हणायचं आणि दोन घोट पाणी प्यायचं, मुलानं नव्हे, आपण. एका वडिलांनी मला विचारलं, "अहो बाई, मग ओरडायचं कधी?" मी म्हटलं, त्या माणसावर ओरडा, पोलीस ठाण्यात.

नंतर काय करायचं ते लिहून घ्या, कारण त्या वेळी काही सुचत नाही. पहिलं, काही पुसू नका. संदेश, नंबर, खेळातलं नाव, सगळं तसंच राहू द्या. दुसरं, कुणालाही पुढे पाठवू नका. 'या नराधमाला शोधा' म्हणून लहान मुलाचा अश्लील व्हिडिओ ग्रुपवर टाकणारे भले लोक मी पाहिलेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ बी कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि त्या लेकराची पुन्हा एकदा विटंबना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की असं साहित्य बघणं आणि जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. तिसरं, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक. मूल स्वतःही लावू शकतं. पैसे गेले असतील तर १९३०. आणि शिक्षकहो, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांशी बोलून, संस्थाचालकांचं मत घेऊन, गावात बोभाटा नको म्हणून चार दिवस थांबणं, हे चालत नाही. बोभाटा होऊ नये म्हणून त्याच कायद्यात मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे.

घड्याळ पुढे सरकलंय, आणि अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्यात. पहिलीत विचारलंय, मुलांच्या मोबाइलवर लक्ष ठेवायला चांगलं ॲप कुठलं. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी मी ॲप सुचवत नाही. मोबाइल ओसरीवर किंवा स्वयंपाकघरात बघायचा, आवाज चालू ठेवायचा, कानात इअरफोन घालायचा नाही. भाजी चिरता चिरता कानावर पडतं ते पुष्कळ असतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करता येते, ती करा. येत नसेल तर मुलालाच सांगा, तो करून देईल.

दुसरी चिठ्ठी. मुलाला स्वतःचा मोबाइल कितव्या वर्षी द्यावा? प्राथमिक शाळेत असताना देऊ नये, असं माझं मत आहे. घरातला एक, सगळ्यांचा मिळून. त्यावर त्याच्या नावाचं काही काढायचं असेल तर जन्मसाल खरं टाका, आणि खेळ उघडला नाही तर नाही उघडला. त्यानंतर कधी द्यायचा, हे ठरवताना वयापेक्षा मी एकच गोष्ट बघेन, की गेल्या सहा महिन्यांत त्यानं मोबाइलवरची एखादी नको ती गोष्ट आपणहून येऊन सांगितली का. सांगितली असेल तर बोलणी सुरू करायला हरकत नाही.